शेजारधर्माला धर्म आड येत नाही

ईद किंवा नाताळ जवळ आला की मोबाइलवर एक उपदेश फिरू लागतो : त्यांच्या सणाच्या शुभेच्छा देऊ नका, आपला धर्म सांभाळा. दिवाळीत हाच उपदेश दुसऱ्या बाजूने होतो. सांगणारे वेगळे, पण भीती एकच. दोन गोड शब्दांनी श्रद्धा बाटते म्हणे! जी श्रद्धा 'ईद मुबारक' म्हटल्याने बाटते, ती मुळात किती पक्की होती, याचा विचार ज्याचा त्याने करावा. शेजारच्या लग्नात अक्षता टाकून आपण काही त्यांच्या कुळात जात नाही. तुमच्या घरी आनंद आहे, त्याने आम्हालाही बरे वाटते, एवढेच शुभेच्छेत सांगायचे असते.

हे महाराष्ट्राला नवे नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उभारतात. त्याच जिल्ह्यात गोटखिंडीला गणपती मशिदीत बसतो. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा ठिकठिकाणच्या मुस्लिम समाजाने आपण होऊन जुलूस पुढे ढकलला आणि राज्य सरकारने ईदची सुटी २९ तारखेला दिली. जोतीराव फुल्यांनी तर 'सार्वजनिक सत्यधर्म' या १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एकाच कुटुंबातल्या माणसांनी वेगवेगळे धर्म स्वीकारावेत आणि तरीही प्रेमाने नांदावे, असे मांडले. ते एका घरात नांदण्याची गोष्ट करत होते. आपण अजून जिन्यात भेटलेल्या माणसाला काय म्हणावे यावरच अडलो आहोत.

मात्र शुभेच्छा द्यायची तर सण ठाऊक हवा. आशुरा हा करबलेतल्या इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याच्या स्मरणाचा दिवस, तर गुड फ्रायडे येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूचा. तरीही त्या दिवशी 'हार्दिक शुभेच्छा' देणारे महाभाग भेटतात. सहा डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करायचे असते, तिथेही काहींची गल्लत होते. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. वर्षानुवर्षे शेजारी राहून आपण कधी काही विचारलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ.

आणि शुभेच्छा दिली म्हणजे कर्तव्य संपले, असेही नाही. शिरखुर्म्याची वाटी आवडीने संपवणारा गृहस्थ घर भाड्याने देताना आडनाव ऐकून 'जागा गेली' म्हणतो, तेव्हा त्याची शुभेच्छा खोटी ठरते. धर्माच्या भेदांपलीकडे जाऊन बंधुभाव वाढवणे हे राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. हे कर्तव्य सणाच्या एका दिवसापुरते नाही.

तेव्हा पुढच्या सणाला तयार चित्र पुढे ढकलून मोकळे होऊ नका. शेजारच्या घरी जा, घटकाभर बसा, सण कशाचा आहे ते विचारा, त्यांनाही आपल्याकडे बोलवा. आणि उद्या सोसायटीच्या सभेत त्यांना घर देऊ नका असा सूर निघाला, तर ज्या तोंडाने शुभेच्छा दिल्या त्याच तोंडाने उठून विरोध करा.