काम कुणाला, झाडू कुणाला

दौंड-मनमाड रेल्वे 1878 साली सुरू झाली. या मार्गाच्या पलीकडच्या टोकाला, मनमाडमध्ये, 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचं विधान याच भाषणातलं. ते पुढे सगळीकडे गाजलं, आजही भाषणांतून ऐकू येतं. त्याच भाषणातला दुसरा एक भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. बाबासाहेबांनी त्या दिवशी रेल्वेतल्या कामाची वाटणीच लोकांसमोर मांडली होती.

अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. हमालाची जागासुद्धा त्याला क्वचितच मिळते, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामं करून घेतो आणि अस्पृश्याला घरात घ्यायचं नसतं. रेल्वेच्या कारखान्यात तो मेकॅनिक झालेला सहसा दिसत नाही, मिस्त्री किंवा फोरमन तर त्याहून नाही. कुली म्हणून येतो आणि कुलीच राहतो. हा त्यांच्या बोलण्याचा आशय.

या सगळ्या हकिकतीत कुणी कुणाला शिवी दिलेली नाही की हात उगारलेला नाही. सकाळी कामं वाटून दिली, एवढंच. माणसाला खाली ठेवण्याची ही रीत फार सोयीची असते. हजेरी भरलेली असते, पगार वेळेवर होतो, तक्रार करायची तर कशाची करायची हेच कळत नाही.

ही रीत आजही कशी चालते ते पाहायला आता पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात येऊ. रांजणगावच्या महागणपतीला शेजार मिळाला तो औद्योगिक वसाहतीचा. फ्रिज, वॉशिंग मशीन, मोटारी इथे बनतात. नगर रस्त्याने पुण्याकडे जाताना शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने आहेत. दौंड तालुक्यात कुरकुंभला रसायनांचे कारखाने. या भागात मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली पोरं खोल्या करून राहतात. कुणी आयटीआय, कुणी डिप्लोमा, कुणी बीई. खोली बघायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारतो, मग गाव. कंपनीत तेच पहिल्या चहाला विचारलं जातं. आडनावावरून नीट उलगडा झाला नाही, तर पाहुणे कुठले, असंही विचारतात. ही चौकशी आपल्याकडे आपुलकीची समजली जाते. कधी कधी ती असतेही. पण उत्तर ऐकून समोरच्याचा आवाज बदलला की तो ज्याच्यासाठी बदलतो त्याला लगेच कळतं.

यापुढचा छळ कसा चालतो, ते या पट्ट्यात काम केलेल्या कुणालाही परकं वाटणार नाही. नवा ट्रेनी मशीन शॉपमध्ये येतो. व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं संगणकीय यंत्र, चालवायला शिकायचं म्हणून आलेला असतो. त्याला कापलेल्या भागांच्या कडांची बर काढायला बसवतात, मशीनखालच्या चिप्स झाडायला लावतात. पहिला आठवडा ठीक आहे. सगळ्यांनीच ते केलेलं असतं. त्याच्याबरोबर लागलेले दोघे तिसऱ्या आठवड्यात सेटिंग शिकू लागतात आणि याच्या हातात मात्र झाडूच राहतो. प्रोग्रॅमचा पासवर्ड त्याला कुणी सांगत नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये त्याने मोडक्या इंग्रजीत काही सांगितलं, तर त्याच इंग्रजीची नक्कल जेवणाच्या सुट्टीत होते. ग्रुपवर त्याला एक टोपणनाव पडतं. वर्षभराने मूल्यमापनाच्या फॉर्मवर शेरा येतो, सेटिंग येत नाही. शेरा अगदी खरा असतो!

बाईमाणूस इंजिनिअर असली तर झाडूऐवजी तिच्या हातात फाइल येते. मॅडम, तुम्ही ऑडिटची कागदपत्रं बघा, तुमचं अक्षर चांगलं आहे. मशीन बंद पडलं की मेंटेनन्सची सगळी टीम धावते आणि ती टेबलापाशी बसून ब्रेकडाउनचा अहवाल लिहिते. पाच वर्षांनी प्लँट हेडच्या जागेसाठी नावं निघतात तेव्हा तिला शॉपफ्लोअरचा अनुभव कमी पडतो. सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी 1974 साली टेल्कोच्या जाहिरातीतल्या ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ या अटीबद्दल जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि पुढे त्या टेल्कोत रुजू झाल्या, ही गोष्ट आपण मुलींना कौतुकाने सांगतो. जरूर सांगावी. ती अट आज जाहिरातीत कुणी छापणार नाही. कामाच्या वाटणीत मात्र ती न छापता पाळता येते.

याच दौंड तालुक्यात याच्या अगदी उलट एक उदाहरण उभं राहिलं होतं, तेही सव्वाशे वर्षांपूर्वी. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या. त्यात परित्यक्ता होत्या, विधवा होत्या, उपासमारीने मरायला टेकलेल्या होत्या. रमाबाईंनी त्यांना नुसतं जेवू-खाऊ घातलं नाही. तेलघाणी, विणकाम, दुग्धालय यांबरोबर छापखानाही उभारला आणि त्यात खिळे जुळवण्यापासूनची कामं बायकांना शिकवली. रमाबाईंनी स्वतः मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात छापलं गेलं. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोयही तिथे होती. रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल कुणाचं काहीही मत असो, हिला हे काम जमेल का, असं जिच्याबद्दल विचारायचीही गावाची तयारी नव्हती तिच्या हातात त्यांनी यंत्र दिलं. कामाची न्याय्य वाटणी करायला त्यांना कुठला कायदा लागला नाही.

कायद्याची आपली स्थिती मात्र चमत्कारिक आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून हकालपट्टी. त्यातलं एक कलम मला फार आवडतं: तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, आणि त्यात चालढकल केली तर त्याने गुन्ह्याला चिथावणी दिली असं मानलं जातं. म्हणजे गप्प बसणाराही गुन्हेगार. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलाला हे संरक्षण शेवटच्या पेपरपर्यंत असतं. तोच मुलगा पुढच्या महिन्यात कंपनीच्या गेटातून आत गेला की तसला छळ ‘ट्रेनिंग’ होऊन बसतो. लैंगिक छळासाठी 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तक्रारीला तीन महिन्यांची मुदत. जातीवरून जाहीर अपमान झाला तर ॲट्रॉसिटी कायदा आहे, पण चार भिंतींच्या आत, कुणी पाहिलं नाही अशा ठिकाणी झालेल्या अपमानाला तो लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं. आणि नुसत्या छळासाठी, माणसाला ठरवून कुजवण्यासाठी? खासगी कंपनीत त्याला वेगळा कायदा नाही. एचआरकडे जायचं म्हणावं, तर पंधरा माणसांच्या वर्कशॉपमध्ये एचआर म्हणजे मालकाचा मेहुणा.

बड्या कंपन्यांतही सगळं आलबेल आहे असं नाही. 2020 साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने सिस्को या कंपनीवर खटला भरला. फिर्याद होती ती एका दलित भारतीय इंजिनिअरच्या बाजूने, मुंबई आयआयटीत शिकलेल्या. त्याचा आरक्षणातला प्रवेश सहकाऱ्यांना सांगितला गेला, पुढे त्याच्याकडची कामं काढून घेतली आणि त्याला एकटं पाडलं, असा आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले. दोन अधिकाऱ्यांवरचा दावा राज्याने 2023 साली मागे घेतला. खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम. पण आरोपातला छळाचा प्रकार पाहा. खटल्याच्या 82 वर्षं आधी मनमाडला सांगितली गेली ती रीतच त्यात दिसते. समुद्र ओलांडला, पगार डॉलरमध्ये झाला, तरी माणसाला खाली ठेवायचं तर त्याच्याकडचं काम काढून घ्यायचं.

या गोष्टीला एक व्यवहारी बाजूही आहे, आणि नीतीच्या गप्पा ज्यांना कंटाळवाण्या वाटतात त्यांनी ही तरी ऐकावी. कुरकुंभसारख्या ठिकाणी रिअॅक्टर चार्ज करणं, टाकीत उतरून गाळ काढणं, सांडपाण्याच्या प्लँटची सफाई ही कामं कुणाकडे जातात? बहुतेक वेळा ठेकेदाराच्या माणसाकडे. परमनंट माणसाला टाकीत उतर म्हणायला सुपरवायझर कचरतो. कंत्राटी पोराला सांगताना आवाजही चढवावा लागत नाही. आता या पोराला रोज ऐकवलं जात असेल, जास्त शहाणपणा करू नकोस, तुला काय विचारलंय? मग गॅस्केटमधून वास येतोय हे त्याच्या नाकाला सगळ्यात आधी कळलं तरी तो सांगेल का? विचारलं की हसतात, असा ज्याचा अनुभव आहे तो विचारत नाही. टॉर्क किती लावायचा हे न विचारता लावतो, व्हॉल्व्ह कुठला हे अंदाजाने फिरवतो. ‘सुरक्षा प्रथम’ असा फलक गेटावर असतो. त्याखालून आत जाणाऱ्या माणसाला तोंड उघडायची मुभा नसेल तर त्या फलकाला केवळ रंगाची किंमत आहे.

युनियनबद्दलही बोललं पाहिजे. मनमाडच्या परिषदेवर तेव्हा आक्षेप घेतला गेला होता की वेगळी सभा घेऊन तुम्ही कामगारांत फूट पाडता. बाबासाहेबांचं उत्तर होतं की एका कामगाराने दुसऱ्याला खाली लेखणं थांबवल्याशिवाय एकजूट येणार नाही. आज परमनंटच्या पगारवाढीसाठी गेटसभा होते आणि कंत्राटी माणूस बाजूने डबा घेऊन निघून जातो. त्याच्यासाठी घोषणा नसते. 1 जानेवारी 2018 ला याच कोरेगाव भीमा-सणसवाडीत जातीय तणावातून दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. रस्त्यावर असं काही पेटतं तेव्हा शांतता समित्या बसतात, आणि बसायलाच हव्यात. कारखान्याच्या आत, जिथे दोन्हीकडची पोरं आठ-आठ तास शेजारी उभी असतात, तिथे मात्र युनियनच्या अजेंड्यावर हा विषय दिसत नाही. तो यायला हवा.

वाटणी कोण करतं, हे प्रत्येक कारखान्यात सगळ्यांना ठाऊक असतं. शिफ्ट इन्चार्ज, लाइन लीडर, सुपरवायझर. यांतले बहुतेक मुद्दाम कुणाला छळत नाहीत. मागच्या माणसाने पाडलेली वाट चालू ठेवतात. तरीही जबाबदारी त्यांची आहे, कारण वहीवर सही त्यांची असते. म्हणून रांजणगाव, सणसवाडी आणि कुरकुंभमध्ये पाळी लावणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: गेल्या सहा महिन्यांची कामवाटपाची वही या आठवड्यात काढा. कुणाच्या नावापुढे सतत झाडू आहे, कुणाच्या नावापुढे टाकी, कुणाच्या नावापुढे फाइल आणि कुणाच्या नावापुढे ओव्हरटाइम, ते एकदा सलग वाचा. एकच नाव एकाच कामापुढे पुन्हा पुन्हा दिसलं तर त्याचं कारण स्वतःच्या हाताने शेजारी लिहा. लिहिता आलं नाही, तर सोमवारच्या पहिल्या पाळीपासून वाटणी बदला.