झिजलेला टाक

खंडोबाचा जुना टाक हातात घेतला, तर घोडा अंदाजानंच ओळखावा लागतो. चांदीच्या पत्र्यावर ठशानं उठवलेले देवाचे नाकडोळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्नानांनी आणि घासण्यानं पुसून गेलेले असतात. कडेच्या खाचेत तेवढी हळद उरते. पिरंगुटसारख्या गावात जुनं घर पाडून इमारत उभी राहते, तेव्हा देव्हाराही हलतो आणि प्रश्न पडतो : हे टाक मोडून नवे घडवावेत, की जुनी कला म्हणून चौकटीत लावावेत? उत्तर एका जुन्या कोड्यावर अवलंबून आहे. देवपण धातूत असतं, आकारात, की आणखी कशात?

एका ठशातून कितीतरी टाक निघतात, म्हणजे देवपण एकमेव असण्यात नाही. सोनार टाक वजनावर विकतो, म्हणजे ते धातूतही नाही. लग्नकार्याआधी देव उजळून आणतात, फारच झिजले तर मोडीत देतात; त्यात देव मोडला असं कुणाला वाटत नाही. उलट घरचे टाक जेजुरीला नेऊन मूळ देवाला भेटवतात, आणि कुळातल्या मृत पुरुषाचा ‘वीर’ नावाचा टाकही देवांच्याच ताम्हनात न्हातो. हा सगळा नात्याचा व्यवहार आहे. न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांचे कात्सिना म्हणवले जाणारे देवात्मेही असेच पूर्वजांशी आणि पावसाशी जोडलेले. त्यांची लाकडी बाहुली मुलींना देतात, पण तिची पूजा होत नाही. देव येतो तो मुखवटा चढवलेल्या नर्तकाच्या रूपात. झुनींच्या युद्धदेवांच्या लाकडी मूर्ती तर ऊनपावसात विरून जाण्यासाठीच उघड्यावर ठेवतात. १९७८पासून त्यांनी संग्रहालयांकडून त्या परत मागितल्या, त्या पुन्हा विरू देण्यासाठीच.

कुणी म्हणेल, सारं नात्यातच असेल तर भिंतीवरचा फोटोही चालेल. चालेल, पण फोटोला न्हाऊ घालता येत नाही, फडक्यात बांधून जेजुरीला नेऊन भेटवता येत नाही. नात्याला हात लागतात, आणि हातांना वस्तू लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : सगळेच टाक मोडीत गेले तर कारागिरीची साक्ष कुठे उरेल? पूजेतून सुटलेले टाक संग्रहालयानं जरूर जपावेत. मात्र काचेआड झीज थांबते, म्हणजे पूजा थांबलेली असते. देव्हाऱ्यातल्या टाकाची झीज हे नुकसान मानायचं, तर त्याला रोज न्हाऊ घालणाऱ्या हातांनाच दोष द्यावा लागेल.