शुद्ध, स्मृती आणि हात

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण बोलू लागला की तो पूर्ण शुद्धीवर आला असे त्याचे नातेवाईक मानतात. परंतु बोलणे, ऐकलेले लक्षात ठेवणे आणि हात स्थिर राखणे या वेगवेगळ्या क्षमता असून गुंगीच्या औषधाचा अंमल त्या सर्वांवरून एकाच वेळी उतरत नाही.

मेंदूतील पेशींची उत्तेजना शमवणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम मिडाझोलामसारखी गुंगीची औषधे वाढवतात. त्यामुळे हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या अनुभवाची पक्की नोंद करणारा मेंदूचा भाग, आपले काम तात्पुरते थांबवतो. अशा अवस्थेतला रुग्ण प्रश्नांना उत्तरे देतो, सांगितलेल्या पथ्याला होकार भरतो आणि काही तासांनी त्यातले काहीही त्याला आठवत नाही. या अग्रगामी स्मृतिलोपात पूर्वीच्या आठवणी शाबूत असतात, पण नव्या मुळात तयारच झालेल्या नसतात; म्हणून त्या आठवण्याचा आग्रह धरणे व्यर्थ असते आणि विसरल्याबद्दल रुग्णाला बोल लावणे अन्यायाचे ठरते.

1986 पासून वापरात असलेले प्रोपोफॉल हे भुलीचे औषध दिलेला रुग्ण काही मिनिटांत जागा होतो, कारण औषध मेंदूतून स्नायू व चरबीकडे पसरते. ते शरीराबाहेर गेलेले असते असे नाही. हालचालींचा मेळ घालणाऱ्या अनुमस्तिष्कावरही अशा औषधांचा प्रभाव पडतो, आणि सर्वांत मोठा धोका असा की आपला हात मंदावला आहे हे ज्या विवेकाने ओळखायचे, तोही त्याच वेळी मंदावलेला असतो.

सुरतेत हाताची ही स्थिरता पोटाशी जोडलेली आहे. हिऱ्याच्या कारखान्यात एका घंटीभोवती, म्हणजे फिरत्या सराणेभोवती, सामान्यतः चार कारागीर बसून पैलू पाडतात. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे यंत्रमागांच्या आधाराने राहतात. जितके काम तितकी मजुरी असल्याने सकाळी गुंगी घेऊन दुर्बिणीची तपासणी करून रात्रपाळीला जाण्याचा मोह समजण्यासारखा आहे. निदान 24 तास वाहन चालवू नये, ही प्रचलित सूचना अशा कामगाराला अपुरी पडते. माग, सराण आणि कागदावरची सही यांचाही तीत स्पष्ट उल्लेख हवा. ती इंजेक्शनपूर्वी, सोबत आलेल्या माणसाच्या समक्ष आणि रुग्णाला कळणाऱ्या मराठीत किंवा अहिराणीत सांगितली जावी, शिवाय लिहूनही द्यावी. हे सौजन्य नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

वृद्धांच्या बाबतीत 24 तासांचा हा कालावधीही पुरेसा ठरेलच असे नाही. मिडाझोलामच्याच गटातले डायझेपाम व त्यापासून शरीरात तयार होणारी क्रियाशील द्रव्ये उतारवयात कित्येक दिवस टिकतात, त्यामुळे झोपेसाठी रोज घेतलेली गोळी दिवसाही तोल बिघडवते आणि पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढवते. 2014 पासून डायझेपाम आणि अल्प्राझोलाम यांच्या विक्रीची वेगळी नोंद औषधविक्रेत्याला ठेवावी लागते. मात्र धोका कळला म्हणून वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते.