देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव

दुपारची वेळ निवडा. उन्हाळ्यात नेरचा बाजार या वेळी मंदावतो, अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही दूर गेल्यासारखा वाटतो. ओसरीत, उजेड डाव्या बाजूनं येईल असं बसा. समोर सुती फडकं अंथरा. घरातल्या जुन्या पेटीत एखादं परदेशी पदक असेल, ज्यावरची अक्षरं आजवर कुणाला लागली नाहीत, तर ते त्यावर ठेवा. नसेल तरी बसा. आज आपण मनासमोर ठेवणार आहोत ते जर्मनीत घडलेलं एक पदक आहे, आणि त्याच्यापर्यंत जाणारी एक वाट आपल्या शेजारच्या अमरावतीतून निघते.

घाई करू नका. ओळख पटवण्याच्या कामात पहिला मोह नाव ठेवण्याचा असतो. तो मोह उठला की नुसता पाहा आणि जाऊ द्या.

आता पदक उचला. कडेनं धरा, चेहऱ्यावर बोटं टेकवू नका. चिंच, लिंबू, राख यांतलं काहीही त्याला लावायचं नाही. वर्षानुवर्षांनी चढलेला काळसर तपकिरी रंग ही त्याची साक्ष आहे. घासून तो गेला की परत येत नाही. वजन तळहाताला जाणवू द्या. नंतर सराफाकडे ते नेमकं मोजता येईल, व्यास पट्टीनं घेता येईल. जवळ लोहचुंबक असेल तर हळूच टेकवून पाहा.

ते चिकटलं तर थोडं थांबा. पहिल्या महायुद्धात जर्मन सरकारनं लोकांकडचं सोनं मागितलं. साखळ्या, अंगठ्या देणाऱ्यांना १९१६ मध्ये काळ्या लोखंडाचं पदक मिळालं. हेरमान होसेउस या शिल्पकारानं त्यावर गुडघे टेकून दागिने अर्पण करणारी बाई घडवली. मजकुराचा आशय असा : रक्षणासाठी सोनं दिलं, मानासाठी लोखंड घेतलं. गळ्यातलं काढून देणाऱ्या त्या बाईचा हात क्षणभर मनात आणा. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी आपल्याकडच्या बायकांनीही संरक्षण निधीत दागिने दिले होते. हा विचार पुढे ओढायची गरज नाही. तिथंच राहू द्या.

आता पदक कडेवर उभं करा आणि सावकाश फिरवा. बहुतेक जण ही कड पाहातच नाहीत, आणि मला वाटतं सगळ्यात खरं ती बोलते. जर्मन टांकसाळींनी चांदीचा कस आणि टांकसाळीचं नाव पुष्कळदा इथंच बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं. चित्र मोठ्यानं सांगतं, कड हळू सांगते.

मग चित्राकडे या. गरुड दिसतो का? त्याच्यावर मुकुट असेल तर काळ बहुधा कैसरचा, म्हणजे १९१८ च्या आधीचा. मुकुट नसलेला साधा गरुड प्रजासत्ताकाचा. पायांत हार आणि हारात वळलेलं स्वस्तिक असेल तर १९३३ ते १९४५ ची वर्षं. या शेवटच्या खुणेपाशी मन आक्रसेल. आक्रसू द्या. आपल्या उंबऱ्यावरच्या शुभचिन्हाशी मिळतीजुळती आकृती आणि तिच्याखाली मारली गेलेली लाखो माणसं, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर येतात. त्यातलं एकही झाकू नका.

अक्षरांकडे सगळ्यांत शेवटी वळा. जुन्या जर्मन वळणात रोमन 'एफ'सारखं दिसणारं अक्षर 'एस' असू शकतं. मोठ्या अक्षरांत 'यू'च्या जागी 'व्ही' कोरलेला असतो. एकेका अक्षराची किंमत किती, हे कार्ल ग्योट्झ या जर्मन पदककाराच्या लुसिटानिया पदकावरून कळतं. ते ब्रिटिश प्रवासी जहाज जर्मनांनी ७ मे १९१५ ला बुडवलं, पण ग्योट्झनं पदकावर ५ मे घातलं. ब्रिटिशांनी त्याच्या प्रती काढून जगभर वाटल्या, जर्मनांनी हल्ला आधीच ठरवला होता असं दाखवायला. मूळ पदकावर महिन्याचं नाव जर्मन आहे, ब्रिटिश प्रतीवर इंग्रजी. एका अक्षरानं कळतं की हातातली वस्तू कुणी घडवली आणि कशासाठी.

इथं एक दीर्घ श्वास घ्या. आता अमरावतीकडे जाऊ.

१९१४ मध्ये वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, तिथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. १९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरलं तेव्हा या मंडळाच्या तरुणांनी तिथं जाऊन कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. वऱ्हाडच्या मातीत घुमलेली पोरं, स्वतःचं राज्य नसलेल्या देशाची, परक्या मैदानावर दम धरून उभी राहिली. ते उभं राहणं डोळ्यांसमोर आणा. मागचा बर्लिनचा थाट धूसर होऊ द्या. छातीत भरलेला श्वास आणि न तुटणारा 'कबड्डी' एवढंच ऐका.

हिटलरकडून या पथकाला पदक मिळालं, असं अमरावतीत अभिमानानं सांगतात. हे सांगणं ऐकताना मन दोन बाजूंना ओढलं जातं, माझंही जातं. अभिमान त्या पोरांचा आहे आणि तो पूर्ण खरा आहे. देणाऱ्या हातानं पुढं काय केलं तेही तितकंच खरं आहे. एकानं दुसऱ्याला पुसायचं नाही.

आणि इथंच ओळख पटवण्याचं काम फार नाजूक होतं. त्या पंधरवड्याशी जोडलेली पदकं एकाच प्रकारची नव्हती. विजेत्यांच्या पदकावर कासिओली या शिल्पकारानं घडवलेली बसलेली विजयदेवता होती. १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या हॉकी संघानं जर्मनीला ८-१ नं हरवून मिळवलं ते हेच. भाग घेणाऱ्यांसाठी ओटो प्लाचेकनं सुमारे ७० मिलिमीटरचं कांस्य पदक घडवलं. त्यावर पाच खेळाडू घंटेचा दोर ओढताहेत. स्पर्धांच्या आयोजनात काम केलेल्यांना फितीला लटकवलेलं वेगळं स्मृतिपदक होतं. अमरावतीचे तरुण स्पर्धक नव्हते, पाहुणे होते. म्हणून आपल्या भागात कुणाच्या आबाजींच्या पेटीतून १९३६ ची तारीख असलेलं काही निघालं, तर 'ऑलिंपिकमध्ये जिंकलं' असं पटकन म्हणू नये. जे होतं तेच म्हणावं. ते लहान नाही.

प्लाचेकच्या पदकावरची घंटा खरी होती. ती बोखुममध्ये पोलादात ओतली होती आणि तिच्यावर जगाच्या तरुणांना बोलावणारं वाक्य होतं. १९४७ मध्ये ब्रिटिशांनी तिचा मनोरा सुरुंगानं पाडला, घंटा कोसळून तडकली, मग जमिनीत पुरली गेली आणि १९५६ मध्ये पुन्हा उकरून काढली. आज ती बर्लिनच्या स्टेडियमजवळ जमिनीवर आहे. तिच्या हाकेला गेलेल्यांपैकी कितीतरी तरुण तीनच वर्षांनी सुरू झालेल्या युद्धात एकमेकांवर बंदुका रोखून होते. त्या तरुणांसाठी थोडा वेळ शांत बसा.

आता पदक पुन्हा फडक्यावर ठेवा आणि एक गोष्ट नीट पाहा. त्यावर राज्याची खूण आहे, साल आहे, कलाकाराची सही असेल, टांकसाळ असेल. ज्याला ते दिलं त्याचं नाव बहुधा नाही. अशी पदकं एकाच ठशातून हजारोंनी निघतात. धातूच्या दृष्टीनं सगळे घेणारे सारखे. तज्ज्ञ तुम्हाला देणारा सांगेल, वर्ष सांगेल, किंमतही सांगेल. घेणारा मात्र त्याला सांगता येणार नाही. ते काम नेरच्या, दारव्ह्याच्या, बडनेऱ्याच्या घरांतलं आहे, जिथं एखाद्या आत्याबाईला अजून आठवतं की हे कुणाच्या कोटाच्या खिशात असायचं.

तेव्हा आज संध्याकाळी तिला फोन लावा. किंमत सांगणाऱ्याआधी तिला विचारा. हे कुणाचं होतं, कुणाकडून आलं, मधे कुणाच्या घरी होतं, त्या माणसाचा आवाज कसा होता. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत कागदावर घ्या. जे तिनं डोळ्यांनी पाहिलं आणि जे नुसतं ऐकलं, त्या दोन्हींमध्ये एक ओळ मोकळी सोडा. खाली तारीख टाका. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढून त्याच पाकिटात ठेवा. नाव मिळालं नाही, तर 'अजून विचारतो आहोत' असं लिहा, आणि पुढं कुणाला विचारायचं त्यांची नावं.