चार वर्षांचा पैसा, वीस वर्षांचे मूल

अमरावतीच्या राजापेठेतून परतवाडा पन्नासेक किलोमीटर; त्याच्या जवळ वझ्झर. कुणी रेल्वे स्टेशनावर, कुणी कचराकुंडीत टाकून दिलेली १२३ दिव्यांग मुले शंकरबाबा पापळकरांनी इथे वाढवली. त्यांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून पापळकरांचेच नाव लागते. त्यांतली एक अंध मुलगी २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. बाबांना पद्मश्री जाहीर झाली तीही त्याच वर्षी.

तान्हे बाळ ते लिपिक, हा वीस वर्षांहून लांबचा पल्ला. एवढा दम आजच्या दानात आहे का?

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. बरेच झाले. त्यातून कितीतरी फाउंडेशने उभी राहिली. पण नियमांनुसार असा प्रकल्प सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून फार तर तीन वर्षे चालतो. चार वर्षांत टाकलेले मूल जेमतेम बालवाडीत पोचेल. अहवालात त्याचे काय दाखवायचे? त्यापेक्षा तीन महिन्यांचा शिवणवर्ग सोयीचा. प्रमाणपत्रे मोजता येतात, फोटो निघतात. शिवणवर्ग वाईट नाहीत, पण ज्याला आधीच थोडा आधार आहे त्यालाच ते पुरतात.

वऱ्हाडाला देण्याची वेगळी रीत ठाऊक होती. गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढले ते सगळ्या जातींच्या मुलांसाठी. १९३२ मध्ये त्यांनी स्थापलेली शिवाजी शिक्षण संस्था आजही विदर्भभर शिकवते आहे.

सरकारचे घड्याळही घाईचेच. कायद्याने बालगृहातला मुक्काम अठराव्या वर्षी संपतो. नंतरची मदत साधारण एकविसाव्यापर्यंत. गतिमंद, मूकबधिर अनाथाने त्यानंतर जायचे कुठे? अशांना आयुष्यभर राहू देणारा कायदा करा, ही पापळकरांची जुनी मागणी आहे.

ज्याच्या व्याजावर वर्षानुवर्षे घर चालेल असा कायम निधी कंपन्यांनी द्यावा म्हटले, तर तीही वाट जानेवारी २०२१ पासून बंद आहे: संस्थेच्या कायम निधीला दिलेली रक्कम त्या २ टक्क्यांत धरली जात नाही. पैसा अडकून पडू नये, ही त्यामागची चिंता असेल. पण वझ्झरसारख्या घराला असा अडकलेला पैसाच हवा असतो. तो आता द्यायचा तर उद्योगपतींनी स्वतःच्या खिशातून किंवा गावकऱ्यांनी वर्गणीतून.