गंज आणि नित्यकर्म

स्पर्धेत वापरावयाचे पिस्तूल किती दिवसांनी साफ करावे, असा प्रश्न एखाद्या नवशिक्या नेमबाजाने जाणत्यांना विचारला असता, प्रत्येक सरावानंतर करावे असे कोणी, काही शे गोळ्या झाडल्यावर करावे असे दुसरा कोणी, आणि अडखळू लागल्याखेरीज नळीला हातच लावू नये असे तिसरा कोणी इतक्या निश्चयाने सांगतो की, हा केवळ कारागिरीतला मतभेद नसून, जे कर्म केल्याने दिसण्याजोगे फळ पदरात पडत नाही ते माणसाने कितीदा आणि कोणत्या बुद्धीने करावे या धर्मशास्त्रातल्या जुन्या वादाचेच ते लोखंडात उतरलेले रूप आहे, असे माझे मत होऊन बसले आहे.

वेदान्तसाराचा कर्ता सदानंद याने कर्मांचा जो तपशील दिला आहे त्यात काम्य, निषिद्ध, नित्य, नैमित्तिक, प्रायश्चित्त आणि उपासना अशी सहा नावे येतात. संध्यावंदनासारखे जे न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो ते नित्य. पुत्रजन्मासारख्या निमित्ताने जे उद्भवते ते नैमित्तिक. स्वर्गादिकांच्या इच्छेने जे केले जाते ते काम्य. शस्त्राच्या सफाईला ही वर्गवारी लावणे कोणास ओढाताणीचे वाटेल; परंतु नेमबाजांच्या मतभेदाचे मूळ शोधू गेल्यास असे आढळते की, एकजण सफाईला नित्य समजून बोलत असतो, दुसरा नैमित्तिक समजून, आणि दोघांच्याही मनात, स्पर्धा जवळ आली म्हणजे, ती नकळत काम्य झालेली असते.

कर्माचा प्रकार ठरवावयाचा तर आधी मळाचा प्रकार पाहिला पाहिजे, कारण सगळा मळ एका जातीचा नसतो. आमच्या गडचिरोलीच्या रानात जिला भरमार म्हणतात त्या ठासणीच्या बंदुकीत सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू जळते, आणि मागे जी राख उरते तिच्यातील क्षार हवेतील ओल शोषून घेत असल्यामुळे, त्याच सांजेला गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून, तेल दिले नाही तर पावसाळ्यात सकाळपर्यंत आत तांबडे पापुद्रे धरू लागतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळशा काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याच्या ज्वलनानंतर उरणारा क्षार मिठाचाच भाऊबंद, म्हणून त्या काळच्या फौजी शिरस्त्यात गोळीबारानंतरची सफाई ही हुकमाची बाब होती, आणि आजही पोलिसांच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जी रोजच्या शस्त्रसफाईची शिस्त दिसते तिचे मूळ बऱ्याच अंशी त्या काळात आहे. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत जे पॉइंट टू-टू बोअरचे पिस्तूल वापरतात त्याची गोष्ट अगदी निराळी. त्याच्या काडतुसातला पेट देणारा मसाला आता नळी खाणारा नसतो, आणि शिशाच्या गोळीवर मेणासारखे वंगण असल्याने प्रत्येक गोळीबरोबर नळीच्या आत एक पातळ थर चढतो, जो गंजाला अटकाव करतो आणि गोळ्यांचा नेम एकसारखा राहण्यास साह्यही करतो. तेथे मळ साचतो तो चेंबरच्या कडेला, काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याखाली आणि मॅगझिनच्या ओठांवर. जळलेले मेण, शिशाचा चुरा आणि काजळी यांचा तो चिकट लेप पुढच्या काडतुसाची वाट अडवतो. दहा मीटरच्या एअर पिस्तुलात तर काही जळतच नाही. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा दाबलेल्या हवेने जातो, नळीतून अधूनमधून फेल्टचा बोळा सारला की पुरे होते, आणि भलते तेल आत गेले तर रबरी वेढण्या बिघडून उलट नुकसानच होते.

एवढे ध्यानात घेतल्यावर किती दिवसांनी हा प्रश्न ज्या रूपात विचारला जातो ते रूपच चुकीचे आहे, हे कळून येते. नळीच्या सफाईला दिवस हे निमित्त होऊच शकत नाही. निमित्त म्हणजे झाडलेल्या गोळ्या, ऋतू, आणि शस्त्राचे स्वतःचे वागणे. आणि येथे अति करण्यातही दोष आहे. नळीच्या तोंडाची कड ही नेमाची अखेरची मर्यादा. गोळी नळीला सोडते ती तेथे. धातूची सळई रोज तोंडाकडून आत घालणाऱ्या उत्साही मनुष्याच्या हातून ती कड घासते, आणि मग त्या घासलेल्या कडेचे प्रायश्चित्त कोणत्याही तेलात सापडत नाही. शौचाचा अतिरेक हा शौचाचा अभाव जितका घातक तितकाच घातक होऊ शकतो, ही गोष्ट सोवळ्याओवळ्याच्या पायी घरातल्या माणसांना पोळवलेल्या आपल्या समाजाला निराळी सांगावयास नको.

तथापि चंद्रपूर आणि गडचिरोली या मुलुखात, जो १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता, नैमित्तिकावर सर्वस्वी विसंबून चालत नाही. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, तेल पातळ होऊन ओघळते आणि जे उरते त्यावर धूळ बसते. जूनच्या अखेरीस रान ओले झाले की पुढे आश्विनापर्यंत कपाटातल्या चामड्याला बुरशी येते. श्रावणातल्या संध्याकाळी सराव आटोपून पिस्तूल न पुसता स्पंजाच्या अस्तराच्या पेटीत मिटून ठेवावे आणि दोन दिवसांनी पेटी उघडून उजेडात धरावे: काळ्या पोलादावर जेथे अंगठा टेकला होता तेथे त्याच्या रेषा तांबूस रंगात, एखाद्या दस्तऐवजावरच्या ठशाइतक्या स्पष्ट उमटलेल्या दिसतात. घामातल्या मिठाने तेथे आपली सही करून ठेवलेली असते.

आता या तांबूस रेषांविषयी तत्त्वज्ञानाचा प्रश्न असा की, त्या आल्या कोठून? आपण सहज म्हणतो, न पुसल्यामुळे आल्या. परंतु न पुसणे ही क्रिया नव्हे. तो क्रियेचा अभाव आहे. नित्यकर्म न केल्याने प्रत्यवाय उत्पन्न होतो असे म्हणणाऱ्यांना शंकराचार्यांनी गीताभाष्यात आणि तैत्तिरीय उपनिषदावरील भाष्यातही नेमका हाच आक्षेप घेतला आहे: अभावातून भाव कसा उत्पन्न व्हावा? जे केलेच नाही ते कारण कसे ठरावे? गंजाच्या बाबतीत हा आक्षेप शब्दशः खरा ठरतो. गंज पाण्याने येतो, हवेतल्या प्राणवायूने येतो, मिठाने त्वरेने येतो. न पुसण्याने यांपैकी काहीच निर्माण होत नाही. सुरजागडच्या डोंगरातला तांबडा दगड लोहाच्या भस्माचाच आहे, आणि पिस्तुलावरचा तांबडा डाग त्याच कुळातला. भट्टीने महत्प्रयासाने ज्या अवस्थेतून लोखंडाला बाहेर काढले तिकडे ते आपल्या स्वभावाने परत निघालेले असते. आपण पुसले तर ते थांबते, इतकेच.

माझ्या अल्पमतीप्रमाणे आचार्यांच्या आक्षेपाने नित्यकर्माचे महत्त्व कमी होत नाही, उलट त्याचे खरे स्थान कळते. न केलेले कर्म दोष निर्माण करीत नाही, पण जो दोष आधीपासून वाटेवर आहे त्याला ते आडवेही जात नाही. आणि याच मुद्द्याकडे बौद्ध परंपरेने दुसऱ्या अंगाने पाहिले आहे. धम्मपदातील मलवग्गात लोखंडापासून उपजून लोखंडालाच खाणाऱ्या गंजाचा दृष्टांत आहे, आणि त्याच्याच शेजारी घराची हेळसांड हाच घराचा मळ, अशा अर्थाचे विधान आहे. म्हणजे तेथे उपेक्षेला नुसता अभाव मानलेले नाही. तिला स्वतःचे अस्तित्व दिले आहे. मनापुरते बोलावयाचे तर मला हे अधिक सयुक्तिक वाटते. पोलादावरचा गंज पाण्याने येतो हे खरे. परंतु एकदा न पुसलेले चालले, या अनुभवाने माणसाच्या ठिकाणी जो एक ढिलेपणा वस्तीला येतो तो अभाव नव्हे, तो पुरता भावरूप पदार्थ आहे, आणि पुढल्या दहा प्रसंगी तोच हात मागे ओढतो.

हा विचार करताना चंद्रपूरच्या माणसाला १९५६ सालचा आश्विन आठवल्यावाचून राहत नाही. त्या वर्षी १४ ऑक्टोबर रोजी, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली व दिली, आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरास दुसरा दीक्षाविधी झाला. ज्या दिवसाच्या आगेमागे महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रे मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात, तोच दिवस दिग्विजयाचा त्याग करणाऱ्या अशोकाचा म्हणून येथे पाळला जातो. भद्रावतीसारख्या एका गावाच्या परिसरात विजासनची बौद्ध लेणी, जैनांचे पार्श्वनाथ तीर्थ आणि आयुध निर्माणी ही तिन्ही आहेत. ज्या जिल्ह्यांतल्या गावांनी बंदुकीच्या दोन्ही टोकांना उभे राहून माणसे गमावली आहेत, तेथे कागदी निशाणापुरत्या का होईना, पण पिस्तुलाच्या निगेला धर्म म्हणावे काय, हा प्रश्न मला टाळता येत नाही, आणि टाळावयाचाही नाही.

माझे उत्तर सफाईच्या पहिल्या क्रियेत आहे. शस्त्र हातात घेतले की तोंड निर्धोक दिशेला ठेवून मॅगझिन काढावयाचे, खिटी मागे ओढावयाची, चेंबर रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहावयाचे, अंधार असेल तर बोटाने चाचपावयाचे. आणि हे एक क्षणापूर्वी दुसऱ्याने आपल्यादेखत केले असले तरी पुन्हा करावयाचे. या कृतीला फळ नाही. हजार वेळा पाहिले तर हजार वेळा चेंबर रिकामेच निघते. परंतु ती गाळण्याची मुभा कोणत्याही निमित्ताने, घाईने, ओळखीने किंवा अनुभवाने मिळत नाही, आणि तिच्या मुळाशी अहिंसेवाचून दुसरा कोणताही हेतू नाही. नित्यकर्माचे याहून शुद्ध उदाहरण मला ठाऊक नाही. तिच्या जोडीला मी आणखी दोनच गोष्टी नित्यात धरतो: हाताचा घाम लागलेला भाग किंचित तेलाच्या फडक्याने पुसणे, आणि घोटभर चहा घेण्याआधी स्वतःचे हात साबणाने धुणे, कारण बोटांना लागलेले शिसे पोटात गेल्यावर ते शरीर सहजासहजी सोडीत नाही. बाकीचे सगळे, म्हणजे चेंबर, आकडा, मॅगझिन आणि सर्वांत शेवटी नळी, ते नैमित्तिक.

खंडेनवमीच्या पूजेला मी कमी लेखीत नाही. मात्र ज्या कथेवर शमीचे माहात्म्य उभे आहे ती विराटपर्वातली कथा नीट वाचणारे थोडे. अज्ञातवासाला निघण्यापूर्वी पांडवांनी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या, म्हणजे वर्षभर ताणाखाली राहून धनुष्ये बिघडू नयेत. मग नकुल झाडावर चढला आणि जेथे पावसाची झड पोचत नव्हती अशा जागा पाहून तेथे त्याने शस्त्रे मजबूत दोरांनी आवळून बांधली. व्यासांना युद्धाच्या एवढ्या पसाऱ्यात ही झडीची गोष्ट नोंदवावीशी वाटली. शमीच्या पानाआधी नकुलाची ती नजर पूजेला घ्यावी असे मला नेहमी वाटते.

राहता राहिले काम्य. स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी आरशासारखी लख्ख करण्याची जी उबळ येते ती भक्तीची वाटते, पण असते भीतीची. मेणाशिशाचा बसलेला थर निघून गेल्यावर पहिल्या काही गोळ्या ओळखीच्या जागी न जाता इकडेतिकडे पडतात, आणि तो थर पुन्हा बसेपर्यंत गुण हातचे गेलेले असतात. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत पालेंबंग येथे कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले तेव्हा अंतिम फेरीत त्यांचे आणि प्रतिस्पर्धी नेमबाजाचे ३४-३४ असे समान गुण होऊन निकाल शूट-ऑफवर गेला होता. त्या फेरीत निशाण दर खेपेस तीन सेकंदच खुले असते. तेवढ्या अवधीत हात उचलून, नेम धरून, चाप ओढावयाचा असता शस्त्राविषयी मनात एखादी शंका असणे परवडत नाही. आणि अशी नि:शंकता एका रात्रीच्या काम्य सफाईने नव्हे, मागल्या कित्येक महिन्यांच्या निष्काम निगेनेच येते. स्पर्धेचे नियमही बिघाडाबिघाडांत फरक करतात: शस्त्रच अडले तर सवलत मिळू शकते, पण गोळी भरली नव्हती किंवा खटका सोडला नव्हता तर तो दोष नेमबाजाचा. कर्त्याचा दोष आणि साधनाचा दोष यांची इतकी स्वच्छ विभागणी आपल्या नीतिचर्चेत क्वचितच सापडेल.

शतपथ ब्राह्मणाने अग्निहोत्राला जरामर्य सत्र म्हटले आहे. त्यातून सुटका जरेने किंवा मरणानेच. अग्निहोत्री गेला की त्याची यज्ञपात्रे त्याच्या देहावर ठेवून त्याच्याबरोबर जाळीत. नेमबाजाचे पिस्तूल मात्र मागे राहते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारकाच्या पश्चात ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव म्हणून द्यावे लागते, आणि वारसाच्या नावे दप्तर पुरे होईपर्यंत मालखान्यात एखादा पावसाळा सहज उलटतो. म्हणून ठेवीस नेण्यापूर्वी चेंबर रिकामे असल्याची खात्री जाणत्या माणसाकडून करून घ्यावी, चामड्याच्या म्यानातून आणि स्पंजाच्या पेटीतून शस्त्र बाहेर काढावे, आतबाहेर जाड तेलाचा हात द्यावा, आणि पावतीवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. घरच्यांना हे आपल्या हयातीतच शिकवून ठेवणे, याचा समावेश मी त्या नेमबाजाच्या नित्यकर्मातच करतो.