दाता की पाहुणा?

धुळे शहरातून पांझरा ओलांडली की देवपूर लागते. या वस्तीत आपली कॅथोलिक कुटुंबे मोजकी. दारापुढची गल्ली मात्र सर्वांची. म्हणून ‘ख्रिस्तसभेने समाजात गेले पाहिजे’ असे कोणी सांगू लागले की आम्हांस थोडे नवल वाटते. समाजात आपण राहतोच आहोत. मग जायचे ते कोठे? दूध, किराणा, औषधपाणी, लेकरांची शाळासोबत हे सारे त्याच समाजाकडून येते. खरा प्रश्न जाण्याचा नाही. कोणत्या नात्याने जायचे, हा आहे.

दात्याचे नाते आपल्या अंगवळणी पडले आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत निरनिराळ्या पंथांच्या मिशनऱ्यांनी महाराष्ट्रात उपाशी लोकांना अन्न दिले, अनाथ मुलांना आसरा दिला. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचा आमचा मानस नाही. परंतु भाकरीमागे हेतू कोणता, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. विचारणाऱ्यावर रागावून काय साधणार? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच ७ डिसेंबर १९६५ रोजी, धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात, श्रद्धेचा प्रसार करताना सक्तीचा वा अनुचित प्रलोभनाचा वासही येता कामा नये आणि गरीब व अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर हे विशेषच जपावे, असे बजावले आहे. ख्रिस्ताचे नाव लपवावे, असा याचा अर्थ नव्हे. दुसऱ्याची भूक हा आपला गळ होऊ नये, एवढाच आहे.

यावर कोणी म्हणेल, मग सेवा निष्काम असावी, म्हणजे झाले. हा विचार धुळ्याला परका नाही. १९३२ साली येथल्याच तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. फळाची आशा सोडून कर्म करावे, हे तत्त्व ख्रिस्ती माणसालाही पुष्कळ शिकवून जाते. (याच विनोबांनी पुढे नव्या करारातील वचने निवडून ‘ख्रिस्त-धर्म-सार’ सिद्ध केले. त्यांनी आपले शास्त्र जितक्या आदराने वाचले, तितक्या आदराने त्यांचे वाचणारे आपल्यांत किती निघतील?) तरीही आमची शंका पुरती फिटत नाही. काही न मागता देणारा माणूसदेखील वरच्या पायरीवरच उभा असू शकतो. त्याला फळ नको असते, पण त्याला समोरच्याचीही गरज नसते. आणि ज्याची आपल्याला गरज नाही, तो आपला शेजारी कसा?

शुभवर्तमानात गोष्ट उलटी दिसते. याकोबाच्या विहिरीवर येशू शोमरोनी स्त्रीशी बोलतो तो आधी पाणी मागून. शिष्यांना गावोगावी धाडताना थैली नेऊ नका, पुढे वाढतील ते खा, असे तो सांगतो. ज्याच्या हाती थैली नाही, त्याला यजमानाच्या मर्जीने राहावे लागते; त्याची भाषा, त्याचे अन्न आणि त्याची वेळ सांभाळावी लागते.

पाहुण्याच्या या वृत्तीतून काम कसे उभे राहते, याचे एक उदाहरण आपल्या नाशिक धर्मप्रांतातच आहे. येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पाणलोट विकासाला आयुष्य दिले. १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. पैसा बाहेरून येई; पण गावाने श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पत्करल्याखेरीज काम पुढे जात नसे. पाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडवायचे असते; वाटेतले शेत कोणत्या धर्माचे, हे पाहून बांध घालता येत नाही. शिवाय ज्याने स्वतः घाम गाळला, त्याला उपकाराखाली वाकावे लागत नाही.

आता अवघड भाग. आमच्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, बारीपाडा हे आदिवासी गाव आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी ४०० हेक्टरांहून अधिक जंगल राखले, कुऱ्हाड चालवणाऱ्याला दंड ठेवला, पाणी अडवले. २०२५ साली श्री. पवारांना पद्मश्री मिळाली. ते वनवासी कल्याण आश्रमाशी जोडलेले आहेत आणि त्या संस्थेचे व मिशनऱ्यांचे सूर जुळत नाहीत, हे उघड आहे. म्हणून आपल्यापैकी कित्येकांना या गावाची स्तुती करताना शब्द अडखळतात.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला येथे पुन्हा वाचावासा वाटतो. माझा शेजारी कोण, असे शास्त्र्याने विचारले होते. येशूने ज्याला मदत द्यावी तो शोमरोनी दाखवला नाही. मदत करणारा शोमरोनी दाखवला. शेवटी उत्तर देताना शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द निघतच नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणतो. बारीपाड्याचे नाव घेताना आमचीही तीच गत होत असेल, तर समाजात जाण्याच्या गोष्टी आम्ही कोणत्या तोंडाने कराव्या?

बारीपाड्यात रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरत आली आहे. धर्मग्रामातील तरुणांची सहल एखाद्या वर्षी तिकडे न्यावी, असे आम्हांस वाटते. बरोबर वाटण्यासाठी काही नेऊ नये. पुढे वाढतील ते खावे, जंगल कसे राखले ते विचारावे, आणि ताटाचे पैसे मात्र न विसरता द्यावेत.